पौषातलं पाणी

शिंदे की छावनी, लष्कर-ग्वाल्हेर
ता. १४ नोव्हेंबर १९३२

ती. सौ. मंदावन्सं,
अनसूयेचा नमस्कार. तुम्ही दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं, की भाऊ गेल्यावर घराची मागची बाजू अशी उघडी ठेवू नकोस, नीट कुंपण घालून घे. ते मनावर घेतलं आहे. मेंदीची बाड, म्हणजे जुनं हिरवं कुंपण, जागोजागी मेली आहे. परवा तिच्यातून बकऱ्या शिरल्या आणि ह्यांनी लावलेल्या अनंताचा शेंडा खाऊन गेल्या. त्याच दिवशी मी माणसं बोलावली.

वर्ष पुरं व्हायचं आहे, म्हणून मी बाहेर पडत नाही. मागचं दार अर्धं लोटून आतूनच बोलते. बागेचा आपला पन्ना माळी होताच. दगडाच्या कामाला बाड्याच्या चौकाजवळून बशीर मिस्त्री आला. इथे दगडाच्या लांब फरश्या मिळतात, त्यांना पटिया म्हणतात. त्या दीड हात जमिनीत गाडायच्या आणि एकीला एक लावून चुन्यात बसवायच्या. खांद्याएवढी भिंतच होते. पन्नाला ते पसंत नाही. तो म्हणाला, "पत्थर में चिड़िया घोंसला रखेगी क्या?" बशीर म्हणाला, "चिड़िया को नहीं, बाईसाब को रहना है." पन्ना म्हणाला, "तू बगीचे में आया है, कबरिस्तान में नहीं." दोघे माझ्या दारासमोर अर्धा तास असे भांडले आणि मग एकाच्याच चिलमीवर दोघांनी तंबाखू ओढली.

एक अडचण आहे. बाडेपलीकडची दुर्गा तुम्हाला आठवत असेल, पलटणीतल्या गोविंदरावांची बायको. ते गेल्यापासून ती मोगरा आणि गेंदा, म्हणजे आपला झेंडू, लावते आणि देवळांना हार पुरवते. तिच्याकडे विहीर नाही. आपल्या विहिरीचा पाट बाडेखालून तिच्या वाफ्यांत जातो. खाली पाण्याला वाट, मोरी, ठेवली नाही तर पटिया गाडल्या की तो बंद होणार. म्हणून पन्नाने विचारलं, "बाईसाब, नाली के लिए मोरी छोड़नी है ना? साहब ने किताब में लिखा था. मेरे सामने लिखा था."

मी ह्यांची बागेची वही आणून दारात उघडली. सगळी मोडी. मी बालबोध वाचते, तीही कुणी न शिकवता आलेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगितलं, "मला ही लिपी येत नाही. काय लिहिलं आहे ते कळत नाही." पन्ना म्हणाला, "तो मोरी?" मी म्हटलं, "कळेपर्यंत नको."

गेल्या पौषात ह्याच पाटाशी हे पहाटे पाण्यात उभे होते. त्याच दिवशी ताप भरला आणि चौदाव्या दिवशी गेले. मला तिकडे बघवत नाही.

तुमच्या घरी मुकुंदरावांना नमस्कार.
अनसूया


सातारा
ता. २२ नोव्हेंबर १९३२

चि. गं. भा. अनसूयेस मंदाचा आशीर्वाद.
दगडाचं घालतेस ते फार चांगलं. बशीर म्हणतो तेच खरं, राहायचं तुला आहे. माळ्यांचं फार ऐकू नये. आमच्याकडच्याने बोरीचं कुंपण करतो म्हणून दोन पावसाळे घालवले आणि शेवटी बोरंच तेवढी खाल्ली.

वहीचं मात्र सोपं आहे. रजिस्टर करून इकडे पाठव. आमच्या घरी मोडी येते, एका बैठकीत वाचून होईल आणि काय आहे ते उलट टपाली कळवीन. तोवर त्या जागेपुरत्या दोन पटिया थांबव आणि बाकीचं काम होऊ दे. श्रीपादने काही शब्द दिला असेल तर तो बघूनच काय ते करावं.

दुर्गेबद्दल माझं काही वाईट मत नाही. मी तिकडे आले होते तेव्हा तिने रोज माझ्यासाठी गजरा पाठवला होता. पण ती तरुण आहे आणि आमचा श्रीपाद भोळा होता, एवढं मी तेव्हाही मनात म्हटलं होतं. असो. गेलेल्या माणसाबद्दल जास्त लिहीत नाही.

खोकला असला तर ज्येष्ठमध धर.
मंदा


लष्कर
ता. ९ डिसेंबर १९३२

ती. सौ. मंदावन्सं,
तुमचं पत्र आलं तोवर काम पुरं झालं होतं. पटिया सरळ बसल्या आहेत. पन्नाने आतून लाल मुरमाची वाट केली आणि वाफ्यांना विटांची कड लावली. ते झाल्यावर तो म्हणाला, पुढच्या महिन्यापासून दुसरा माळी बघा. कारण विचारलं तर बोलला नाही.

वही पाठवली असती, पण तिला वाळवी लागली आहे. पानं हातात धरवत नाहीत.

दुर्गा आली होती. आता कुंपणावरून तिचं डोकं तेवढं दिसतं. म्हणाली, "वहिनी, पाणी?" मी म्हटलं, वहीत काय आहे ते कळल्यावर बघू. ती "बरं" म्हणाली. नंतर दोनदा तिला सार्वजनिक नळावरून घागरी नेताना पाहिलं. नळ लांब आहे, पण पुष्कळ जणी नेतात.

जास्त लिहिण्यासारखं काही नाही.
अनसूया


सातारा
ता. ८ जानेवारी १९३३

चि. अनसूयेस आशीर्वाद.
श्रीपादचं वर्षश्राद्ध जवळ आलं. आम्ही यायचं ठरवलं होतं, पण घरच्यांचे गुडघे धरले आहेत, प्रवास झेपणार नाही. तुला एकटीलाच सगळं करावं लागणार याचं वाईट वाटतं.

तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. तू अशी तुटक लिहीत नाहीस. बकरीने शेंडा खाल्ला तर तू पान भरून लिहितेस, आणि माळी काम सोडून गेला तर एक ओळ? आणि वाळवी कुठून आली? श्रीपादच्या वह्या लोखंडी पेटीत असत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. लोखंडाला वाळवी लागते असं आमच्या साताऱ्यात तरी ऐकलं नाही.

मी रागावले नाही. पण काय आहे ते लिही.
मंदा


लष्कर
ता. २ फेब्रुवारी १९३३

ती. सौ. मंदावन्सं,
वाळवी लागली नाही. वही पेटीतच होती, आता माझ्या शेजारी आहे. आणि मला मोडी येते.

आधी काय झालं ते लिहिते. श्राद्धाच्या आदल्या पहाटे पाळा पडला, म्हणजे दव गोठलं. तुमच्याकडे असा पडत नाही. इथे पौषात एखाददुसऱ्या पहाटे गवतावर पांढरं मीठ पसरल्यासारखं होतं, आणि उन्हं आली की झाडं उकडल्यासारखी काळी पडतात. त्यावर माळ्यांचा उपाय एकच आहे. पहाटेच वाफ्यांत विहिरीचं पाणी सोडायचं. त्या वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊन असतं, मुळं वाचतात. घागरींनी ते होत नाही, पाट लागतो. दुर्गाच्या बागेत पाणी नव्हतं. सकाळी मी माडीवरून पाहिलं. गेंदा, मोगरा, शेवंती, सगळं काळं. ती मधोमध उभी होती. रडत नव्हती. एकेका झाडाची काडी नखाने खरवडून आत हिरवं आहे का बघत होती. सगळ्या रांगा तिने तशा बघितल्या आणि मग घरात गेली.

दुसऱ्या दिवशी आपल्याकडे श्राद्धाला फुलं नव्हती. तिचीच येत असत.

आठवड्याने ती कुलूप लावून मुरारला तिच्या भावाकडे, संभाजीरावांकडे गेली. जाताना इकडे आली नाही. पन्ना सांगायला आला. म्हणाला, भावाच्या घरी ती आता दोन वेळचं वीस माणसांचं धुणंरांधणं करते. मग म्हणाला, "बाईसाब, साहब ने मेरे सामने लिखा था. मैं पढ़ा नहीं हूँ, इसलिए मेरी बात नहीं चली." मी दाराआड उभी होते.

मोडी मी अशी शिकले. महिन्याच्या सामानाची यादी मी सांगत असे आणि हे लिहीत. मी सांगितलेलं मला पाठ असे. हे कचेरीत गेले की मी यादी काढून कोणतं वळण हरभऱ्याचं, कोणतं हिंगाचं, ते जुळवत बसे. सात वर्षं लागली. नंतर यादीवरून वहीवर गेले. कुणाला सांगितलं नाही. हसतील असं वाटलं, आणि पुढे पुढे ते माझं एकटीचं काहीतरी आहे असं वाटू लागलं.

पन्नाने विचारलं त्या दिवशी मी वही दारात उघडली आणि तीच ओळ समोर आली. लिहिलं होतं: "पौषात पाळ्याच्या पहाटे दुर्गाबाईच्या बागेस पाणी सोडणे. बाड कशाचीही घातली तरी मोरी राखणे." एवढं स्पष्ट होतं. मी ते वाचलं, पन्नाकडे पाहिलं आणि म्हटलं, मला ही लिपी येत नाही.

का म्हटलं, तेही लिहिते. त्या पाण्याने यांना नेलं असं माझ्या मनाने घेतलं होतं. उन्हाळाभर रोज सकाळी तिचा मोगरा फुललेला दिसे आणि मला वाटे, हा जगला आणि हे गेले. तुम्ही ती तरुण असल्याचं लिहिलंत ते पत्र नंतर आलं. ते मी आधाराला धरलं, पण पाट तोवर बुजला होता. दोष तुमच्यावर टाकत नाही.

मला वाटत होतं, पाट बंद झाला की थोडं शांत वाटेल. तसं काही झालं नाही.

अनसूया


सातारा
ता. २० फेब्रुवारी १९३३

चि. अनसूयेस,
तुझं पत्र घरात कुणाला दाखवलं नाही. तू माझ्यापेक्षा लहान, तुला समजवायचं काम माझं, पण समजवण्यासारखं मला काही सापडत नाही. तू केलंस ते वाईट केलंस. "ती तरुण आहे" असं मी लिहिलं, तेही वाईट. श्रीपादच्या मनात तसं काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक असताना लिहिलं. मी बहीण आहे, त्याला लहानपणापासून ओळखते, आणि तरी हात आवरला नाही.

आता दुसरं. हे तुला सांगू की नको याचा पुष्कळ विचार केला. सांगितलं नाही तर मीही वाळवीच लावल्यासारखं होईल. तो गेला त्याच्या आदल्या वर्षी त्याने मला पत्र लिहिलं होतं. ते शोधून काढलं. त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवते:

"हिला मोडी येऊ लागली आहे, असा माझा दाट संशय आहे. वहीची पानं मी ठेवतो तशी राहत नाहीत आणि हळदीचं बोट उमटलेलं असतं. ताई, तू तिला विचारू नकोस. विचारलं की सोडून देईल. मी आपला वही पेटीत न ठेवता फडताळावर उघडी टाकतो आणि अक्षर जरा मोठं काढतो. परवा तर लपेटी न घेता, एकेक अक्षर सुटं काढून, अगदी पाटीवरच्यासारखं लिहिलं. माझ्या हाताखालच्या कारकुनाने बघितलं तर हसेल."

ते अक्षर एवढं स्पष्ट का होतं, हे तुला आता कळलं असेल. पन्नासाठी किंवा माझ्यासाठी ते लिहिलेलं नव्हतं.

याहून मी काय लिहू? दुर्गेकडे जा. वर्ष संपलं आहे. कोण काय म्हणेल ते माझ्यावर घाल, म्हणावं नणंदेने धाडलं.

मंदा


लष्कर
ता. १२ एप्रिल १९३३

ती. सौ. मंदावन्सं,
तुमच्या पत्रातली ती ओळ वाचल्यावर मी वही उघडून बघितली. शेवटची बारा-पंधरा पानं सगळी मोठ्या अक्षरात आहेत. मला वाटत होतं, यांची नजर कमी झाली होती. चष्मा करून घ्या म्हणून मी मागे लागले होते. हे हसत आणि म्हणत, "बघू." त्यांना दिसत होतं. कोपऱ्यांवर माझ्या बोटांचे पिवळे डाग आहेत. ते त्यांनी पुसले नाहीत.

आधी बशीर मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, पटिया चुन्यात धरली आहे, सबंध निघणार नाही, फुटेल. मी म्हटलं, फोड. तो म्हणाला, "उस वक़्त कह देतीं तो एक पत्थर छोटा रख देता. दो मिनट का काम था." खरंच दोन मिनिटांचं काम होतं. आता त्याला दीड दिवस लागला. घणाचा आवाज सगळ्या आळीने ऐकला. मी या वेळी दाराआड राहिले नाही, बाहेर उभी होते.

मग टांगा करून मुरारला गेले. पन्नाला बरोबर घेतलं, कारण वाचलेलं त्यानेही ऐकायला हवं होतं. संभाजीरावांच्या घरी मागच्या अंगणात दुर्गा भांडी घासत होती. मला बघून उठली नाही. एरवी ती मला बघितलं की पदर सावरून उभी राहायची. मी तिथेच फरशीवर बसले. म्हटलं, "दुर्गे, वहीत काय आहे ते सांगायला आले आहे." आणि वाचलं.

तिने राखेचा हात तसाच धरून ऐकलं. मग म्हणाली, "फिर से वाचा." मी पुन्हा वाचलं. पन्ना दारात उभा होता. तो म्हणाला, "यही. यही लिखा था."

मी म्हटलं, त्या दिवशी मला हे वाचता आलं होतं. मी खोटं बोलले.

दुर्गा म्हणाली, "माहीत आहे."

मी वही मिटली. ती म्हणाली, "मी मेंदीपलीकडे होते ना वहिनी, खुरपं घेऊन. दार अर्धं उघडं होतं. आमच्या ह्यांची पत्रं पलटणीतून यायची, ती मी चार घरी फिरून वाचून घ्यायची. वाचता न येणारा पानाकडे बघतो. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून चालतात. तुमचे चालले. मग थांबले. मग तुम्ही म्हणालात, येत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बामणाच्या घरची बाई म्हणते वाचता येत नाही, आणि मी अनपढ म्हणू की येतं? कोण मानणार?" मग भांडं पुढे ओढून म्हणाली, "भावजी पाण्यात उभे राहिले तेव्हा मी म्हटलं होतं, राहू द्या. ते म्हणाले, दोनच वाफे राहिलेत. ते दोन वाफे मला पण दिसतात, वहिनी. तुम्हालाच दिसतात असं समजू नका."

माफी मागायचे शब्द मी टांग्यात बसून जुळवले होते. त्यातला एकही बोलता आला नाही. मोरी फोडून ठेवली आहे, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "बाग कुठे आहे पाणी घ्यायला?" आणि पुढचं भांडं घेत, "निघा आता. ऊन कललं की टांगेवाले छावणीकडे जात नाहीत."

पन्ना परत कामाला येतो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. पाणी रोज सकाळी मोरीतून सोडते. पलीकडे जमीन ओली होते, त्यात काही नाही.

अनसूया


लष्कर
ता. ६ जानेवारी १९३४

ती. सौ. मंदावन्सं,
मुकुंदरावांचे गुडघे बरे असल्याचं वाचून बरं वाटलं.

दुर्गा दसऱ्याच्या आधी परत आली. माझ्यासाठी आली नाही, हे तिने आल्याआल्या सांगितलं. पन्नाने तिला मोगऱ्याची कलमं नेऊन दिली होती आणि भावाच्या घरी लावायला जागा नव्हती. वाफे तिने स्वतः उकरले. मी मदतीला जाऊ का म्हणून पन्नामार्फत विचारलं, तर नको म्हणाली. हार अजून सुरू झाले नाहीत. मोगरा धरायला वेळ घेतो. सध्या ती बाड्यावरच्या एका दुकानासाठी दुसऱ्यांची फुलं ओवून देते.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी पन्ना आभाळ बघून म्हणाला, वारा पडला आहे, आज पाळा पडेल. तो म्हणाला, मैं आ जाऊँगा. मी म्हटलं, तू नको.

पहाटे उठून विहिरीवर गेले आणि पाट उघडला. मोरीशी पानं आणि माती साचते, ती हाताने काढत राहावी लागते, नाहीतर पाणी आपल्याच बागेत पसरतं. त्यासाठी पाटात उतरून उभंच राहावं लागतं, दुसरा उपाय नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी दोन वर्षं म्हणत होते, काठावरून का नाही केलं यांनी? काठावरून होत नाही. विहिरीचं पाणी आधी ऊन लागतं. चार पावलं वाहिलं की गार होतं. थोड्या वेळाने पाय आपले वाटत नाहीत.

पलीकडे दुर्गा वाफ्यांची तोंडं फिरवत होती. ती वाकलेली होती, म्हणून कुंपणावरून मला दिसत नव्हती, मोरीतून तिचे पाय तेवढे दिसत होते, तेही पाण्यात. एक वाफा भरला की ती म्हणे, "भरला." मी मोरीतली पानं काढत असे. असे नऊ वाफे आहेत. यांच्या वेळेला किती होते ते मला माहीत नाही, विचारायचा धीर झाला नाही. सातवा भरला तेव्हा माझे दात वाजायला लागले. ते तिने ऐकलं असावं. पलीकडून आवाज आला, "राहू द्या आता, वहिनी."

वन्सं, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोनच वाफे राहिलेत."

पाणी जात होतं. बऱ्याच वेळाने तिने आठव्या वाफ्याचं तोंड उघडलं, आणि तो भरला तेव्हा "भरला" म्हणाली नाही. नववाही भरेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

मला ताप आला नाही. दोन दिवस वाट बघितली, आला नाही. बशीरकडून कुंपणाच्या आणखी दोन पटिया काढून घ्यायच्या आहेत, म्हणजे माणूस दिसेल. वहीत आज तशी नोंद केली. मोडीत केली. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, पण मोठं काढलं आहे.

अनसूया